थाई माणसाची हौशी सायकल: बंदिस्त मार्ग भरले, मग रस्ते का नाहीत?

मेनामकाठ

गेल्या दीड दशकात थायलंडमधील शहरी मध्यमवर्ग सायकलकडे पुन्हा वळला आहे. कामावर जाण्यासाठी सायकल वापरणारे आजही थोडे आहेत. परंतु सुटीच्या दिवशी पहाटे उठून, मित्रमंडळी किंवा कुटुंब सोबत घेऊन, निव्वळ आनंदासाठी सायकल चालवणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. बँकॉकमध्ये दीर्घकाळ राहत असल्यामुळे हा बदल मला जवळून पाहता आला, आणि त्यातून पडलेला एक प्रश्न या धाग्यात मांडावासा वाटतो. ज्या देशातील रस्ते जगातील सर्वाधिक जीवघेण्या रस्त्यांमध्ये गणले जातात, त्या देशात हौशी सायकल इतकी रुजली कशी? माझ्या मते थाई लोकांनी आधी वाहतुकीपासून वेगळी जागा मिळवली आणि मग त्या जागेभोवती माणसे जमवली. लोकप्रियतेचे कारण त्यात आहे, आणि तिची मर्यादाही त्यातच आहे.

सर्वांत ठळक उदाहरण सुवर्णभूमी विमानतळाचे. पुरापासून रक्षण व्हावे म्हणून या विमानतळाभोवती बांध घातलेला आहे, आणि बांधालगत देखभालीच्या गाड्यांसाठी एक साधा रस्ता होता. तिथे सिग्नल नव्हते, ट्रक नव्हते, आडवे येणारे चौक नव्हते. त्यामुळे रस्ता खराब असूनही काही सायकलस्वार आपणहून सरावासाठी येऊ लागले. विमानतळ व्यवस्थापनाने त्यांना हाकलून दिले नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उलट मार्ग अधिकृतपणे खुला झाला, पुढे सयाम कमर्शियल बँकेच्या साहाय्याने त्याची पुनर्बांधणी झाली आणि २०१५ च्या अखेरीस २३.५ किलोमीटर लांबीचा, एकाच दिशेने चालणारा, गुळगुळीत पृष्ठभागाचा मार्ग लोकांच्या हाती आला. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. एकदा ओळखपत्र दाखवून नोंदणी केली की मनगटी पट्टा मिळतो आणि तो दाखवून आत जाता येते. हेल्मेट सक्तीचे आहे. नवशिक्यांसाठी आणि मुलांसाठी आतच एक छोटी फेरी आहे. २०१८ मध्ये राजे वजिरालोंगकोर्न यांनी या मार्गाला नवे नाव दिले, तरी नेहमीची मंडळी त्याला अजूनही ‘स्कायलेन’ म्हणतात. रेसिंग सायकल, म्हणजे इथल्या बोलीत ‘सुआ मोप’ (दबा धरलेला वाघ), घेऊन वेगाने जाणारे तरुण आणि संथपणे पायडल मारणारे साठीपुढचे दांपत्य एकाच मार्गावर निर्धास्तपणे फिरताना दिसतात.

दुसरे मोठे कारणही २०१५ मधलेच. १६ ऑगस्ट २०१५ रोजी राणी सिरिकित यांच्या ८३ व्या वाढदिवसानिमित्त, तेव्हा युवराज असलेल्या वजिरालोंगकोर्न यांच्या नेतृत्वाखाली ‘बाइक फॉर मॉम’ ही सायकलफेरी झाली. बँकॉकमधील मार्ग ४३ किलोमीटरचा होता आणि देशभर एकाच वेळी झालेल्या या उपक्रमात १,३६,४११ जणांच्या सहभागाची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. त्यानंतर ११ डिसेंबरला राजे भूमिबोल यांच्या ८८ व्या वाढदिवसासाठी २९ किलोमीटरची ‘बाइक फॉर डॅड’ झाली. त्याआधीही सायकलींच्या लाटा आल्या होत्या. २०१० च्या सुमारास बँकॉकच्या तरुणांत एकाच गिअरच्या रंगीबेरंगी सायकलींचे वेड होते. परंतु २०१५ मध्ये सायकल तरुणांच्या वेडापुरती उरली नाही. सरकारी अधिकारी, शाळामास्तर, इस्पितळातले कर्मचारी, गावचे मुखिया असे सगळे सारख्या निळ्या किंवा पिवळ्या शर्टात रस्त्यावर उतरले, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनीही ‘ही चांगली गोष्ट आहे’ असे ठरवून टाकले. थाई समाजात या मान्यतेचे वजन किती असते, हे इथे राहणाऱ्यांना सांगावे लागत नाही.

तिसरी गोष्ट पैशांची आणि संस्थांची. थाई आरोग्य संवर्धन प्रतिष्ठान २००१ मध्ये स्थापन झाले आणि त्याला दारू व तंबाखूवरील उत्पादन शुल्कावर दोन टक्के अधिभार लावून निधी मिळतो. चालणे, धावणे आणि सायकल यांच्या प्रचाराला या निधीचा सातत्याने आधार मिळाला. ज्या देशात व्यायामाच्या प्रचारासाठी दरवर्षी नव्याने हात पसरावे लागत नाहीत, तिथे असे उपक्रम एका हंगामापुरते उरत नाहीत.

इतर सदस्यांचे अनुभव वाचायला आवडतील, विशेषतः बँकॉकबाहेरचे.

आकडेमोड

लेख आवडला, परंतु ‘रुजली’ या शब्दाबद्दल मला शंका आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार थायलंडमध्ये रस्ते अपघातांत दर लाख लोकसंख्येमागे ३२.७ मृत्यू होत होते. त्याच अहवालात भारताचा आकडा २२.६ होता. या मृत्यूंतील बहुसंख्य मोटारसायकलस्वारांचे असतात हे खरे, परंतु सायकलस्वारही त्याच रस्त्यावर, त्याच डाव्या कडेने जात असतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये जगप्रवासाला निघालेले एक ब्रिटिश जोडपे चाचेंगसाव प्रांतात पिकअपच्या धडकेने मरण पावले. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१५ मध्ये, पाच खंडांचा सायकलप्रवास करणारा एक चिली देशाचा प्रवासी नाखोन राचासिमा येथे पत्नी आणि लहान मुलासह जात असताना मारला गेला. त्याच वर्षी मे महिन्यात चिआंग माईजवळ मद्यधुंद चालकाच्या मोटारीने सायकलस्वारांच्या गटाला धडक दिली आणि तिघे दगावले. म्हणजे आपण ज्याला सायकलचे वर्ष म्हणता, तेच वर्ष तिथल्या सायकलस्वारांसाठी शोकाचेही होते.

माझा मुद्दा असा की, मोटारीच्या मागे सायकल अडकवून बंदिस्त मार्गापर्यंत जायचे, फेऱ्या मारायच्या आणि पुन्हा मोटारीनेच घरी यायचे, याला सायकल संस्कृती म्हणावे का? विमानतळाजवळचा वाहनतळ भरतो, पण शहरातील मोटार एकाने तरी कमी होते का?

निशिगंधा_बी

आकडेमोड, आपण दिलेल्या घटना मलाही ठाऊक आहेत आणि त्यांचे गांभीर्य मी कमी करू इच्छित नाही. तरीही बंदिस्त मार्गांना इतके दुय्यम मानू नये, असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण स्त्रिया आहेत.

बँकॉकच्या मोठ्या बागांकडे पाहा. चतुचक परिसरातील रेल्वे बाग, म्हणजे ‘सुआन रोत फाय’, येथे भाड्याने सायकल मिळते आणि रविवारी सकाळी आया, आज्या, शाळकरी मुली अशा सगळ्या तिथे दिसतात. पूर्वीच्या सरकारी तंबाखू कारखान्याच्या जागेवर वाढवलेल्या बेन्चाकिती वनउद्यानालगतही सायकलीसाठी मार्ग आहे. माझ्या शेजारच्या थाई काकू (आम्ही त्यांना ‘पा’ म्हणतो) वयाच्या पन्नाशीनंतर अशाच बागेत सायकल शिकल्या. ज्या बाईला लहानपणी घरातल्या भावाची सायकल हाताळायला मिळाली नाही, तिने पहिल्यांदा तोल सावरायला शिकावे तरी कुठे, बँकॉकच्या गजबजलेल्या सुखुमवित रस्त्यावर? तिच्या दृष्टीने वाहनमुक्त जागा ही चैन नाही. ती शाळा आहे.

थाई सायकलस्वार स्त्रियांचा पोशाखही नवख्याला चकित करतो. पूर्ण बाह्यांची जर्सी, हातमोजे, पायांवर लांब आवरण, तोंड आणि मान झाकणारा बफ, त्यावर गॉगल. डोळेसुद्धा दिसत नाहीत. उन्हाचा जाच आणि त्वचा काळवंडण्याची धास्ती ही दोन्ही कारणे त्यामागे आहेत. परंतु या पेहरावामुळे एक गोष्ट आपोआप घडते: कोण कोणत्या वयाचे आणि कोणत्या बांध्याचे, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या गटातल्या अनेक जणींनी हे मोकळेपण बोलून दाखवले आहे.

खेळाच्या बाजूनेही स्त्रियांनी इथे वाट दाखवली आहे. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत चुताथिप मनीफान यांनी महिलांच्या रस्ता शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर सायकल गटांत मुलींची ये-जा वाढलेली मी स्वतः पाहिली. त्याचे सगळे श्रेय एका पदकाला देता येणार नाही, परंतु त्या पदकाचा अभिमान प्रत्येकीच्या बोलण्यात होता.

डोईसुथेप

मी चिआंग माईला असतो, त्यामुळे बँकॉकबाहेरचे थोडे लिहितो. इथे बंदिस्त मार्गांची फारशी गरज पडत नाही, कारण डोंगर आहे. शहराच्या कडेला असलेल्या प्राणिसंग्रहालयापासून डोई सुथेपच्या देवळापर्यंतचा चढ सुमारे ११ किलोमीटरचा आहे आणि तो पहाटे चढून जाणे हा इथल्या अनेक नोकरदारांचा नित्यक्रम आहे. वर पोहोचल्यावर आधी देवळात हात जोडायचे, मग गरम सोयाबीनचे दूध आणि ‘पाथोंगको’ नावाचे तळलेले पिठाचे तुकडे खायचे, आणि आठ वाजायच्या आत खाली येऊन कामाला लागायचे.

मोठे ध्येय अर्थातच डोई इन्थानोन, २,५६५ मीटर उंचीचे देशातील सर्वोच्च शिखर. पायथ्याच्या चोम थोंगहून वर जाणारा रस्ता जवळजवळ ४८ किलोमीटरचा आहे आणि पाय थकलेले असताना शेवटच्या टप्प्यात सर्वांत तीव्र चढ येतात. तिथे होणाऱ्या चढाईच्या स्पर्धेला देशभरातून लोक येतात आणि त्यांतील बहुतेकांना क्रमांकाशी काही देणेघेणे नसते. शिखरावरच्या पाटीपाशी सायकल उभी करून छायाचित्र काढले की वर्षाचे सार्थक झाले, अशी त्यांची भावना असते. गटातला शेवटचा माणूस वर येईपर्यंत पहिले आलेले थांबून राहतात, हे मला इथे फार आवडते. ‘तुमचे तुम्ही बघा’ म्हणून पुढे निघून जाण्याची रीत इथल्या हौशी गटांत नाही.

मात्र फेब्रुवारी ते एप्रिल या काळात शेते आणि जंगले जाळल्याने इथली हवा इतकी बिघडते की डोंगर दिसेनासा होतो. त्या महिन्यांत समंजस माणूस सायकल घरात ठेवतो. येणाऱ्यांनी नोव्हेंबर ते जानेवारी हाच काळ निवडावा.

मावळवाट

मी पुण्यात सायकल चालवतो आणि गेल्या हिवाळ्यात मित्रांसह बँकॉक ते हुआ हिन असा प्रवास केला. मला सर्वांत मोठा फरक जाणवला तो पेट्रोल पंपांचा. तिथल्या मोठ्या पंपावर स्वच्छ शौचालय, सेव्हन-इलेव्हनचे दुकान, कॅफे अमेझॉनची थंड कॉफी, सावलीत बसायची जागा आणि पाणी हे सारे एका ठिकाणी मिळते. लांबच्या सायकलप्रवासाचे निम्मे कष्ट तिथेच हलके होतात. घाटमाथ्यावर पाण्याच्या शोधात हिंडलेल्या आम्हा मंडळींना त्याचे मोल लगेच कळले.

एक शंका विचारतो. तिथे जवळजवळ दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या प्रांतात सामूहिक सायकलफेरीच्या जाहिराती दिसत होत्या. या फेऱ्या नेमक्या कोण भरवते?

मेनामकाठ

मावळवाट, आपल्या प्रश्नातच या विषयाचा गाभा आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

या फेऱ्या स्थानिक सायकल मंडळे, तालुका कार्यालये, इस्पितळे, शाळा आणि देवळे भरवतात. नोंदणीच्या पैशांत एक जर्सी, पदक, वाटेत पाणी-केळी आणि शेवटी जेवण मिळते. उरलेली रक्कम एखाद्या तालुका इस्पितळाच्या उपकरणासाठी, शाळेच्या वाचनालयासाठी किंवा देवळाच्या बांधकामासाठी जाते. जेवण गावातल्या बायका रांधतात. तांदळाच्या शेवया, पपईचे तिखट कोशिंबीर, नारळाच्या दुधातले गोड पदार्थ असा बेत असतो आणि प्रत्येक प्रांताची फेरी तिच्या पंक्तीवरून ओळखली जाते. काही गट देवळासाठी ‘फा पा’ म्हणजे वस्त्र व देणगी सायकलवरून नेतात, तर काही जण एका दिवसात नऊ देवळांचे दर्शन घेतात. नऊ हा आकडा इथे शुभ मानतात.

थाई मनाला एकट्याने शरीर कमावणे फारसे भावत नाही. पुण्य, जेवण आणि सोबत या तिन्ही गोष्टी सायकलला जोडल्या गेल्या, म्हणून ती टिकली. आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर अन्न वाढणारा आणि चालणारा दोघेही आपण एकाच कार्यात आहोत असे मानतात, तसाच भाव मी इथल्या खेड्यातील फेऱ्यांत पाहिला आहे.

आकडेमोड, आपला आक्षेप मी टाळत नाही. बँकॉक महापालिकेने रत्नाकोसिन या जुन्या शहरात रस्त्याच्या कडेला हिरव्या रंगाच्या सायकलपट्ट्या आखल्या. परंतु त्यांवर गाड्या उभ्या राहतात, फेरीवाल्यांच्या हातगाड्या लागतात आणि मोटारसायकली बिनदिक्कत धावतात. २०१२ मध्ये ‘पुन पुन’ नावाने भाड्याच्या हिरव्या सायकलींची योजना सुरू झाली. पुढे परदेशी कंपनी मोबाइकच्याही सायकली आल्या आणि २०१९ मध्ये गेल्या. रस्ता तसाच राहिला, तर पट्टी रंगवून आणि सायकल पुरवून भागत नाही. १९७९ च्या भूवाहतूक कायद्यात सायकलची घंटा ३० मीटरवरून ऐकू यावी इथपर्यंतचे तपशील आहेत, पण ती घंटा ऐकून वेग कमी करण्याची सवय मोटारचालकाला लावण्याचे काम तसेच पडून आहे.

तरीही मला वाटते की बंदिस्त मार्गावर सायकल चालवलेला माणूस पुढे मोटार चालवताना सायकलस्वाराला अधिक अंतर ठेवतो. हा माझा अनुभवातून आलेला विश्वास आहे; पुरावा म्हणून तो मांडत नाही.

आकडेमोड

आपला शेवटचा विश्वास खरा ठरो. परंतु सायकल चालवणारा वर्ग लहान आहे, आणि अपघात करणारा पिकअप बहुतेक वेळा त्या वर्गाचा नसतो. चालकाला दारू पिऊन गाडी चालवण्याची खरी शिक्षा होत नाही, तोवर आपण दोघेही मूळ प्रश्नाच्या कडेकडेनेच फिरत आहोत.

निशिगंधा यांचा शिकण्याच्या जागेचा मुद्दा मात्र मला पटला. त्याबाबत माझे आधीचे मत मी मागे घेतो.

मेकाँगतीर

उशिरा लिहीत आहे. मी ईशान्येकडच्या, म्हणजे इसानच्या, नाखोन फनोम प्रांतात शिकवायला असते. इथे मेकाँग नदीच्या काठाने सायकलमार्ग आहे; पलीकडे लाओसमधील चुनखडीच्या डोंगरांची रांग दिसते. संध्याकाळी पाच वाजता ऊन उतरले की शहरातले कारकून, परिचारिका, शिक्षक आणि त्यांची मुले या मार्गावर येतात. सप्तमुखी नागाच्या पुतळ्यापाशी सगळे थांबतात, नमस्कार करतात आणि परत फिरतात.

या धाग्यात सायकलच्या आधीच्या आयुष्याचा उल्लेख राहिला, म्हणून तो करते. इसानमधील खेड्यांत सायकल कधीच हौसेची वस्तू नव्हती. पुढे टोपली आणि मागे कॅरिअर असलेली, बसक्या दांड्याची सायकल घेऊन बायका बाजाराला जात, मुले शाळेला जात. मग मोटारसायकल आली. प्यू संशोधन केंद्राच्या २०१४ च्या पाहणीत थायलंडमधील ८७ टक्के घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर असल्याचे आढळले होते. पायडल मारणे म्हणजे गरिबी, अशी भावना त्या काळात पक्की झाली. माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या आईने, लेकीने पगारातून महागडी सायकल आणल्यावर, ‘मोटारसायकल घ्यायला पैसे कमी पडले का?’ असे काळजीने विचारले होते.

आता तीच आई संध्याकाळी आपली जुनी टोपलीची सायकल काढून लेकीबरोबर नदीकाठी येते. त्या मार्गावर लाखभर बात (थाई चलन) किमतीची कार्बनची सायकल आणि ‘एलए’ या थाई कंपनीची काही हजारांची सायकल शेजारी शेजारी चालतात. माझ्या मते लहान शहरांतील हा बदल बँकॉकपेक्षा खोलवर गेलेला आहे, कारण इथे सायकलमार्गापर्यंत पोहोचायला मोटार लागत नाही. घराच्या दारातून निघून माणूस दहा मिनिटांत नदीवर येतो. रस्ते अरुंद आहेत, वाहने कमी आहेत, चालक ओळखीचे आहेत. आकडेमोड यांनी विचारलेली सायकल संस्कृती शोधायची असेल, तर ती अशा प्रांतिक गावांत पाहावी.

निशिगंधा_बी

मेकाँगतीर, फार मोलाची भर घातलीत. याच अंगाने बांग काचाओचेही नाव घेतले पाहिजे. बँकॉकच्या ख्लोंग तोई धक्क्यावरून छोट्या होडीत सायकल घालून चाओ फ्राया नदी ओलांडली की समुत प्राकान प्रांतातील ही हिरवी भूमी लागते. टाइम मासिकाने २००६ मध्ये तिला आशियातील सर्वोत्तम शहरी हिरवळीचा मान दिला होता. दलदलीवर खांब रोवून बांधलेल्या काँक्रीटच्या अरुंद पायवाटा हेच इथले रस्ते आहेत. शनिवार-रविवारी बांग नाम फुएंगचा बाजार भरतो आणि पाहुणे येतात. परंतु याच वाटांवरून तिथले रहिवासी रोज ये-जा करतात. अनेक ठिकाणी कठडे नाहीत, समोरून कोणी आले तर एकाने उतरून उभे राहावे लागते, आणि उतरायचे कोणी हे न बोलता ठरते. सहसा पाहुणा उतरतो.

मावळवाट

सर्वांचे आभार. पुढच्या डिसेंबरात नाखोन फनोमला जाण्याचे ठरवत आहोत. सायकली बँकॉकहून रेल्वेने इसानमधील उदोन थानीपर्यंत नेता येतील का?

मेकाँगतीर

सामानाचा डबा असलेल्या गाडीतच सायकल घेतात, आणि तिचे वेगळे शुल्क भरावे लागते. म्हणून तिकीट काढतानाच स्थानकावर गाडीचा क्रमांक सांगून विचारा. काही जलद गाड्यांना तो डबा नसतो. घडीची सायकल पिशवीत घालून नेली तर सहसा अडवत नाहीत. उदोनहून पुढे मेकाँगकाठच्या नोंग खाय शहरी जाऊन नदीकाठाने खाली या. अंतर वाढेल, पण मोठ्या महामार्गावरचे ट्रक टळतील. दिवे पुढे-मागे दोन्ही लावा, संध्याकाळी सहानंतर रस्त्यावर राहू नका, आणि खेड्यातून जाताना कुत्री अंगावर आली तर पायडल जोरात न मारता उतरून सायकल मध्ये धरा. नोंग खाय ते बुएंग कान या टप्प्यातील मुक्कामाच्या जागा मी उद्या याच धाग्यात लिहिते.